किप्पूरचा उपास: आदल्या महिन्यापासून शिळ्या सणापर्यंत

योम किप्पूर हा ज्यू धर्मातील सर्वांत मोठा उपास तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो आणि आदल्या संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी सुरू होऊन दुसऱ्या रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास, चालतो. कोकणातील आम्हा बेने इस्राएल मंडळींच्या जुन्या बोलीत त्याला ‘दारफाळणीचा सण’ असे नाव होते. त्या दिवशी आमचे पूर्वज पांढरे कपडे घालून घराची दारे लावून घेत, बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून दानधर्म व गाठीभेटी करत. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शमा’ एवढी एकच पाठ राहिलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या गेलेल्या त्या लोकांनी हा उपास मात्र सोडला नाही.

शेजारपाजारचे लोक मला दर वर्षी एकच प्रश्न विचारतात, की पाण्याच्या थेंबाशिवाय एवढे तास कसे निघतात? निर्जळी एकादशी केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ते तास निघतात. अवघड काम त्याआधीच्या चाळीस दिवसांतले आहे. ते न करता नुसता उपास केला, तर पोट रिकामे राहते आणि बाकी सगळे जागच्या जागी राहते, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. म्हणून या लेखात उपासापेक्षा तयारीला जास्त जागा दिली आहे.

तारीख आणि रजा

ज्यू पंचांग चांद्र असून अधिक महिना टाकून ते ऋतूंशी जुळवून घेतले जाते, त्यामुळे किप्पूर नेहमी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो आणि आपल्या पंचांगात तो शुद्ध दशमीच्या आसपास पडतो. २०२५ मध्ये दसरा आणि किप्पूर एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आले होते. २०२६ मध्ये मात्र तो रविवार, २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन सोमवार, २१ सप्टेंबरच्या रात्री संपेल, म्हणजे ऐन गणेशोत्सवात. ज्यांचे घर मंडपाला लागून आहे त्यांनी दुपारच्या विश्रांतीची सोय आधीच दुसरीकडे पाहून ठेवावी. पंचांगाची रचनाच अशी आहे, की किप्पूर रविवारी, मंगळवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. शनिवारी आला तर इतर उपासांप्रमाणे पुढे ढकलला जात नाही; शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, असूनही उपास होतो.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचा अर्ज निदान महिनाभर आधी द्यावा, आणि शक्य असल्यास आदल्या दिवशी दुपारनंतरची अर्धी रजाही घ्यावी. सहाच्या सुमारास लोकलमध्ये उभे असताना सूर्य मावळू लागला, तर सगळी तयारी वाया गेल्यासारखे वाटते. शाळा-कॉलेजात परीक्षा येत असेल, तर वेळापत्रक लागताच लेखी कळवावे, कारण ऐनवेळी सांगितले की हा कोणता सण, इथपासून समजावत बसावे लागते.

माफी मागण्याचे काम

तिश्रीच्या आधीचा एलूल महिना सुरू झाला, की आमच्या सेफार्दी (मूळ स्पेनच्या ज्यूंच्या) पद्धतीच्या सिनेगॉगांत, म्हणजे प्रार्थनामंदिरांत, पहाटे ‘सलिहोथ’, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, सुरू होतात. एलूलच्या आदला एक दिवस, एलूलचे एकोणतीस दिवस आणि तिश्रीचे पहिले दहा मिळून चाळीस दिवस होतात. त्यांतील शेवटचे दहा दिवस, रोश हशाना या नववर्षापासून किप्पूरपर्यंतचे, ‘तेशुवा’चे दिवस म्हणून ओळखले जातात. तेशुवाचे भाषांतर पश्चात्ताप असे करतात, पण त्या शब्दाचा मूळ अर्थ परतणे असा आहे, आणि परतायचे म्हणजे उठून चालावे लागते.

मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाने घातलेला नियम अगदी स्पष्ट आहे: देव आणि माणूस यांच्यातल्या पापांचे प्रायश्चित्त किप्पूरचा दिवस करतो, माणूस आणि माणूस यांच्यातल्या पापांचे तो करत नाही, जोपर्यंत दुखावलेल्या माणसाची समजूत काढली जात नाही. म्हणजे शेजाऱ्याचे पैसे बुडवून सिनेगॉगमध्ये दिवसभर छाती बडवली, तरी ते खाते उघडेच राहते. त्यामुळे कामाची सुरुवात कागद-पेनने करावी. गेल्या वर्षभरात कोणाशी काय झाले हे नावानिशी लिहून काढावे: भाऊबहिणी, सासर-माहेर, ऑफिसातील माणसे, घरकामाला येणारी बाई, सोसायटीच्या सभेत ज्यांच्याशी वाजले ते. यादी कोणाला दाखवायची नसते, त्यामुळे ती खरी लिहावी.

पैशाचा किंवा वस्तूचा व्यवहार असेल तर आधी परतफेड आणि नंतर माफी, हा क्रम उलटा करू नये. बाकीच्यांकडे शक्यतो स्वतः जावे, दूर असतील तर फोन करावा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला शुभेच्छापत्राच्या जातीची वाटते. काय बोलावे याचा धडा मला एका मावशीने दिला. मी तिच्याकडे जाऊन म्हणाले, “मावशी, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर.” ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला न ठेवता तिने विचारले, “काही म्हणजे काय?” मला काय ते ठाऊक होते, तिच्या आजारपणात मी दोन महिने तिकडे फिरकले नव्हते आणि कारणे मात्र भरपूर दिली होती. ते तोंडाने म्हणायला मला पाच मिनिटे लागली असतील. तेव्हापासून मी चुकीचे नाव घेऊनच माफी मागते आणि वाक्यात ‘पण’ येऊ देत नाही, कारण ‘पण’नंतर जे येते ते समोरच्यावरचे आरोपपत्र असते.

समोरच्याने नाही म्हटले, तर पुन्हा जावे लागते, आणि परंपरा सांगते की तीन वेळा, तीन साक्षीदारांना बरोबर घेऊन, मनापासून विनवणी करावी. त्यानंतरही तो ऐकत नसेल तर ओझे त्याच्या डोक्यावर जाते. अपवाद गुरूचा आहे. दुखावलेली व्यक्ती आपला गुरू असेल तर हजार वेळाही जावे. ज्याची माफी मागायची तो वारला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचे आणि मी इस्राएलच्या देवाविरुद्ध व या माणसाविरुद्ध अमुक चूक केली असे मोठ्याने म्हणायचे, असे रामबाम या धर्मशास्त्रकारांनी बाराव्या शतकात लिहून ठेवले आहे. एक प्रश्न मात्र नाजूक आहे. आपण कोणाची पाठीमागे निंदा केली आणि त्याला ती माहीतच नसेल, तर सांगून त्याला नव्याने दुखवावे का? याबाबत धर्मपंडितांत दोन मते आहेत. माझा कल गप्प राहून निंदा जिथे केली तिथे ती निस्तरण्याकडे आहे.

स्वतःपुरत्या चुकांसाठी क्रम असा आहे: ती गोष्ट थांबवायची, तिची खंत वाटू द्यायची, पुन्हा न करण्याचे ठरवायचे आणि हे सगळे देवासमोर शब्दांत मांडायचे. तेशुवा पूर्ण झाली हे कसे ओळखावे, तर पुन्हा तीच संधी, तेवढीच शक्ती असताना समोर आली आणि माणसाने ती सोडली, तर ती पूर्ण झाली.

शेवटचा आठवडा: चहा, पाणी आणि औषधे

मी पहिल्यांदा पूर्ण उपास धरला त्या वर्षी दुपारी तीनच्या सुमारास माझे डोके असे काही ठणकू लागले, की प्रार्थनेच्या पुस्तकातील अक्षरे हलताना दिसू लागली. मी ते भुकेवर ढकलले. खरे कारण दिवसाचे पाच कप चहा होते, जे एकाएकी बंद झाले होते. तेव्हापासून आठ दिवस आधी मी एकेक कप कमी करते आणि शेवटचे दोन दिवस सकाळच्या अर्ध्या कपावर येते. कॉफी व तंबाखूलाही हेच लागू आहे, आणि किप्पूरच्या दिवशी काडी ओढणेच वर्ज्य असल्यामुळे सिगारेटवाल्यांनी तर हे आधी करावेच.

आपल्याकडे हे दिवस पाऊस ओसरून घाम सुरू होण्याचे असतात. पाणी शेवटच्या जेवणात घटाघटा पिण्याने काही साधत नाही, तासाभरात ते निघून जाते. आदल्या दोन दिवसांत थोडेथोडे पीत राहावे. रोजची औषधे असणाऱ्यांनी या आठवड्यात डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घ्याव्यात.

कोणी उपास करू नये

नऊ वर्षांखालील मुलांना उपास करू देत नाहीत. त्यापुढे हळूहळू काही तासांची सवय लावतात आणि मुलगी बारा, मुलगा तेरा वर्षांचा झाला की पूर्ण उपास लागू होतो. बाळंतिणीने पहिले तीन दिवस उपास करायचा नसतो, आणि त्यानंतरच्या दिवसांतही तिने आपल्याला गरज आहे असे म्हटले तर तिचे म्हणणे मानतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हा उपास सामान्यतः लागू आहे, पण गर्भारपणात गुंतागुंत असेल किंवा त्रास जाणवू लागला तर तो पुढे रेटायचा नसतो. मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी डॉक्टर व धर्मगुरू या दोघांनाही विचारल्याशिवाय उपासाचे नाव काढू नये.

जीव वाचवणे हे जवळजवळ सर्व आज्ञांच्या वरचे मानले जाते, त्यामुळे ज्याला उपास धोक्याचा आहे त्याने तो करणे हे पुण्य नसून चूक आहे. आजारी माणूस म्हणाला की मला खायला हवे, तर डॉक्टर नको म्हणत असले तरी त्याला खायला देतात. ज्यांना थोडेसे चालते त्यांच्यासाठी मोजून खाण्याची पद्धत आहे: एका वेळी सुमारे ३० मिलिलिटरहून कमी मावेल एवढेच अन्न, गालभर होणार नाही एवढेच पाणी, आणि दोन घासांत साधारण नऊ मिनिटांचे अंतर. घरात औषध मोजण्याचे प्लॅस्टिकचे झाकण असते, त्यावर आदल्या दिवशी खूण करून ठेवावी. मात्र ज्याला पोटभर खाणे गरजेचे आहे त्याने हे मोजमापही करू नये.

नवव्या तिश्रीचा दिवस

आदल्या दिवशी खाणे हीदेखील आज्ञा आहे. नवव्या दिवशी जो नीट जेवतो त्याने नववा आणि दहावा असे दोन्ही दिवस उपास केल्यासारखे आहे, असे तालमूद हा धर्मग्रंथ म्हणतो. सकाळी ‘कप्पारोथ’, म्हणजे पाप ओवाळून टाकण्याचा विधी, करण्याची पद्धत काही घरांत आहे. पूर्वी त्यासाठी कोंबडी घेत, आता पुष्कळ जण डोक्यावरून पैसे ओवाळून गरिबाला देतात. ज्यांना शक्य आहे ते दुपारी ‘मिक्वे’त, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडात, डुबकी घेतात.

शेवटचे जेवण साडेचार-पाचला वाढावे. भात, सौम्य वरण, उकडलेली भाजी, नारळाच्या दुधातील फिकी कोंबडी, शेवटी केळे किंवा खजूर, एवढे पुरते. मांस आणि दूध एकत्र न खाण्याच्या नियमामुळे आमच्या स्वयंपाकात नारळाचे दूध मुरलेलेच आहे. कोंबडी नसेल तर दहीभात उत्तम. लोणचे, पापड, सुके बोंबील, खारवलेले काहीही पानात नको, कारण त्याची तहान दुसऱ्या दिवशी दुपारी लागते. तळण आणि जास्त गोडही टाळावे.

जेवणानंतर दात घासून, पांढरे कपडे घालून, चामड्याच्या चपला कपाटात टाकाव्यात. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी लावण्याची सर्वसाधारण रीत आहे. मुंबई-ठाण्याकडे या दिवसांत सूर्य सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो, नेमकी वेळ त्या वर्षीच्या पंचांगात पाहावी. वारलेल्या आईवडिलांसाठी २५ तास तेवेल असा वेगळा दिवा लावतात. तो वाऱ्याच्या झोतात किंवा पडद्याखाली ठेवू नये, कारण एकदा विझला की पुन्हा लावता येत नाही. फोन बंद करून खणात टाकण्यापूर्वी मुलांना आशीर्वाद द्यावा.

पाच वर्ज्य गोष्टी आणि काम

खाणे-पिणे, अंघोळ, अंगाला तेल-अत्तर-क्रीम लावणे, चामड्याचे जोडे घालणे आणि पती-पत्नींचा संबंध या पाच गोष्टी वर्ज्य आहेत. सकाळी बोटांच्या पेरांपर्यंतच हात धुवायचे, चूळ भरायची नाही; हाताला घाण लागली तर तेवढी जागा धुता येते. रबरी चप्पल किंवा कापडी बूट चालतात. शिवाय शब्बाथप्रमाणे सर्व काम बंद असते: स्वयंपाक, वाहन, विजेचे बटण, लिहिणे, पैशाचा व्यवहार. म्हणून पंखा आणि स्वच्छतागृहातील दिवा आधीच चालू करून ठेवावा. घर सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर जवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम करणे हाच खरा उपाय आहे. ठाणे, भायखळा, अलिबाग किंवा पुण्याचे लाल देऊळ, जिथे जाणार तिथल्या मंडळींना चार दिवस आधी कळवावे.

सिनेगॉगमधील रात्र आणि दिवस

वर्षातील ही एकच रात्र आहे जेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेला पुरुष ‘तल्लित’, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरतात, आणि त्यावरचा आशीर्वाद सूर्यास्ताआधीच म्हणायचा असल्याने उशिरा येऊन चालत नाही. ‘हेखाल’, म्हणजे पवित्र कपाट, उघडून तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या बाहेर काढतात आणि ‘कोल नीद्रे’ तीन वेळा म्हणतात. हे अरामी भाषेतील कायद्याच्या थाटाचे निवेदन असून त्यात देवासमोर केलेले, पाळता न आलेले नवस व शपथा मोकळ्या केल्या जातात. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द त्याने सुटत नाही.

दिवसभरात एकूण पाच प्रार्थना होतात आणि त्यांत मिळून ‘विद्दुई’, म्हणजे पापांची कबुली, दहा वेळा येते. उजव्या मुठीने छातीवर हलकेच ठोकत, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने एकेक पाप उच्चारले जाते आणि क्रियापद सगळीकडे ‘आम्ही’चे असते. मी कधी चोरी केली, असे नवख्याच्या मनात येते. पण ज्याने केली आहे त्याला एकट्याला म्हणावे लागू नये, म्हणून सगळे म्हणतात. हिब्रू येत नसेल तर भाषांतराचे पुस्तक जवळ ठेवावे, आणि दहांपैकी निदान एका वेळी आपली यादी आठवून आपल्या शब्दांत, मराठीत, मनाशी बोलावे.

सकाळी तोरातील लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील दोन बकऱ्यांच्या विधीचे वाचन होते आणि पाठोपाठ यशया संदेष्ट्याचा तो उतारा येतो ज्यात देव म्हणतो, की मला हवा असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे. दुपारचे दोन ते चार हे तास सर्वांत लांब असतात. त्या वेळी तासभर आडवे व्हावे, उन्हात जाऊ नये, आणि आदल्या दिवशी तोडून ठेवलेला सब्जा, लवंगा किंवा लिंबू जवळ बाळगून हुंगावे. हुंगणे वर्ज्य नाही. उलट सुगंधावर आशीर्वाद म्हणून दिवसाचे शंभर आशीर्वाद पूर्ण करण्याची रीत आहे. चक्कर, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काही झाले तर लाज न बाळगता पाणी प्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

दुपारच्या प्रार्थनेत बायबलमधील योना संदेष्ट्याचे संपूर्ण पुस्तक वाचतात. देवाची आज्ञा टाळून तो याफोहून जहाजात बसतो, वादळ उठते, आणि पुढे निनवे शहराच्या माणसांबरोबर गुरेढोरेही उपास करतात. ज्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले असे आजी-आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना ते वादळ निव्वळ दृष्टान्त वाटत नाही.

बिगरज्यू मित्र या दिवशी आले तर त्यांचे स्वागतच असते. त्यांनी साधे कपडे घालावेत, पुरुषांनी डोके झाकावे, फोटो काढू नयेत आणि ‘हॅपी’ वगैरे न म्हणता उपास नीट पार पडो एवढे म्हणावे.

नेइला

शेवटची प्रार्थना ‘नेइला’. या शब्दाचा अर्थ मिटणे, दार लागणे असा आहे, आणि दारफाळणी या आमच्या नावाशी तो नेमका जुळतो. सेफार्दी रिवाजात आधी ‘एल नोरा अलिला’ हे गीत गातात आणि दिवसभर कोमेजलेली माणसे एकदम सरसावून उठतात. हेखालची दारे उघडी असतात म्हणून शक्य असेल त्याने उभे राहावे. म्हातारी मंडळी बाकाच्या पाठीला धरून उभी असतात, त्यांच्या बोटांची नखे पांढरी पडलेली दिसतात. प्रार्थना चालवणाऱ्या हझानचा आवाज तोवर पार बसलेला असतो आणि खिडकीच्या काचांतला उजेड मिनिटामिनिटाला उतरत जातो. अखेरीस शमा एकदा, त्याच्या पुढची ओळ तीनदा, आणि ‘अदोनाय हाच देव आहे’ हे सात वेळा म्हटले जाते, आणि शोफार, म्हणजे एडक्याच्या शिंगाचे वाद्य, वाजतो.

उपास सोडणे आणि शिळा सण

शोफार वाजला म्हणजे लगेच पाणी असे नाही. आधी रात्रीची प्रार्थना आणि ‘हव्दाला’, म्हणजे पवित्र दिवसाला निरोप देण्याची प्रार्थना, व्हावी लागते. तिच्यासाठी मेणबत्ती कालपासून तेवत असलेल्या ज्योतीवरून लावतात, आणि शनिवार नसेल तर मसाल्याचा सुगंध घेत नाहीत. द्राक्षारसाच्या जागी आमच्याकडे काळ्या मनुकांचे सरबत असते: मनुका आदल्या दिवशी भिजत घालून, हाताने कुस्करून, पंच्यातून गाळून, झाकून ठेवायच्या. त्याच्या दोन घोटांनी घसा ओला करावा, मग पाणी, आणि अर्ध्या तासाने हलके जेवण. करंज्या समोर असतात, पण पहिल्या दहा मिनिटांत तीन खाणाऱ्याची रात्र कशी जाते हे आमच्या घरात दर वर्षी कोणीतरी नव्याने शिकते.

सुक्कोथ हा मांडवांचा सण चारच दिवसांवर असतो, म्हणून त्याच रात्री मांडवाचा पहिला बांबू उभा करण्याची प्रथा आहे. आमच्या इमारतीत गच्चीची किल्ली आधी मागून ठेवावी लागते. दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे ‘शिळा सण’ म्हणत. त्या दिवशी उरलेल्या करंज्या डब्यात भरून बाहेर पडावे, आधी गरजूंना द्यावे आणि मग नातेवाइकांकडे जावे. यादीत ज्यांच्या नावापुढे अजून खूण झालेली नाही, त्यांच्या घरची बेल मी याच दिवशी पुन्हा वाजवते.